सोनं गेलं, सायनाईड उरलं

केजीएफ म्हटलं की आपल्या वस्तीतल्या पोरांना यशची दाढी आठवते. २०१८ साली पहिला भाग आला, २०२२ साली दुसरा. हिंदी डबिंगमध्ये सगळ्यांनी पाहिला. हातोडा, बंदूक, आई, धूर. शिट्ट्या पडल्या, डायलॉग मोबाईलच्या रिंगटोनला लागले. आमची त्याला हरकत नाही. पोरांना दणके देणारा हिरो लागतोच. पण दोस्तहो, त्या अडीच-अडीच तासांच्या धुरळ्यात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. खाणीत उतरणारी ती हजारो माणसं कोण? कुठली? त्यांची जात काय? पडद्यावरचा गुलाम बिनजातीचा होता. या देशात बिनजातीचा गुलाम कधी जन्माला आलाय काय?

खरं कोलार गोल्ड फिल्ड्स बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. चॅम्पियन रीफ, मारिकुप्पम, ऊरगाव, नंदीदुर्ग, रॉबर्टसनपेठ अशी तिथली नावं. अन् तिथं खाली उतरणारा माणूस बहुतांश आपला होता. उत्तर अर्काटातून, सेलममधून, चित्तूरकडून दुष्काळाने आणि गावच्या जमीनदाराने हाकललेला परैयर. तिथं त्याला आदि द्रविड म्हणत. आपल्याकडे जसा महार गिरणीत आला, गोदीत आला, रेल्वेत आला, तसा तो खाणीत आला. गावात पाणवठा बंद, शेत दुसऱ्याचं, पाठ मोकळी. मग तीन किलोमीटर खाली का होईना, जाऊ. तिथं निदान महिन्याला मजुरी मिळते. पा. रंजितच्या 'तंगलान'ने २०२४ साली निदान ही गोष्ट उघड सांगितली. त्याला शिट्ट्या कमी पडल्या, हा भाग वेगळा.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचं गणित त्याशिवाय कळणार नाही.

लेफ्टनंट वॉरन नावाचा इंग्रज १८०२ साली इथं सोनं शोधत फिरला. गावची माणसं आधीपासून माती धुऊन कण काढत होती, ती त्याला दिसली. म्हणजे 'शोध' साहेबाचा आणि हात गावकऱ्यांचे. हे आपल्याला नवीन नाही. पुढे १८७० च्या दशकात लॅव्हेल नावाच्या निवृत्त सैनिकाने परवाना मिळवला. १८८० पासून जॉन टेलर आणि कंपनी आली. डिव्हिडंड लंडनला, रॉयल्टी म्हैसूरच्या महाराजाला. १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज तयार झाली, ती दीडशेक किलोमीटर तारा ओढून आधी कुठं नेली? बंगळुरूला नव्हे, कोलारला. बंगळुरूत विजेचे दिवे लागले १९०५ साली. शहराच्या आधी खाण उजळली. सोन्याला अंधार चालत नाही, माणसांना चालतो. खाणीच्या वर क्लब झाला, बंगले झाले, गोल्फ झालं. साहेब त्याला 'छोटं इंग्लंड' म्हणायचे. अन् त्याच टेकाडाखाली बांबूच्या तट्ट्यांची खुराडी, ओळीने. त्यांना लाईन म्हणत. एकेका खुराड्यात आठ-आठ, दहा-दहा माणसं.

एकेकाळी या खाणींवर सुमारे तीस हजार माणसं राबत होती. वर युरोपियन, मध्ये अँग्लो-इंडियन, पहाऱ्याला उत्तरेकडचे, अन् तळाला आम्ही. मनूने खाण खणली असती तर तिचा नकाशा याहून वेगळा निघाला नसता. चॅम्पियन रीफ तीन हजार दोनशे मीटरच्या आसपास खोल गेली. जगातल्या सगळ्यात खोल खाणींत तिची गणती होती. त्या खोलीवर खडकच साठ अंशांच्या वर तापलेला. वरून कितीही थंड हवा सोडा, माणूस उकडतो. दाबाखाली खडक आपोआप फुटायचा, तोफेसारखा. साहेबी भाषेत रॉक बर्स्ट. आपल्या भाषेत मढं.

अन् जो फुटलेल्या दगडाखाली मेला नाही तो धुळीने मेला. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, तिथं गाठी धरते, श्वास कोंडत जातो. औषध नाही. १९४० ते ४६ या काळात सात हजार सहाशेहून अधिक कामगारांच्या छात्या तपासल्या. शंभरातल्या चाळिसाहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. चाळिसाहून जास्त! हा आकडा कामगार आरोग्याच्या पुस्तकांत आजही छापतात, विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळवतात. त्या छात्यांची जात पुस्तकात नसते.

याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, १९४२ ते ४६. कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले. खाण कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाचा कायदा त्यांनी सुधारला, कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा केला. पण तो कायदा चालायचा ब्रिटिश हिंदुस्थानात. कोलार होतं संस्थानात. संस्थानाच्या वेशीवर कायदा अडला. 'संस्थानी राज्य किती पुढारलेलं होतं' अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ही वेस एकदा पाहून यावी.

पण कोलारचा माणूस नुसता मरत नव्हता. पंडित अयोथी दासांनी १८९८ साली शाक्य बौद्ध संघ काढला, त्याची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारिकुप्पमला होती. नीट वाचा. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, खाणीतून वर आलेला मजूर अंगावरची धूळ झटकून बुद्धाच्या सभेला बसत होता. अयोथी दासांचं लिखाण पुढे छापलं गेलं तेही याच सोन्याच्या गावात. १९३० साली कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंद करायचं ठरवलं तेव्हा हजारो माणसं एकवीस दिवस वर थांबली. खाली उतरलीच नाहीत. चोर-दरोडेखोरांचे ठसे घेतात, आमचे का, हा प्रश्न होता. पगारवाढीच्या आधी इज्जतीचा संप. आमच्या डाव्या मित्रांना हे प्रकरण कधी नीट समजलं नाही. त्यांना संप म्हटला की आधी भत्ता दिसतो.

आता स्वातंत्र्यानंतरचं बघू. १९५६ साली राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली केंद्राने, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स नावाची सरकारी कंपनी झाली. साहेब गेला, बंगला राहिला, बंगल्यात दुसरा माणूस आला. सोनं खोल गेलं होतं. सुरुवातीला टनभर दगडात चाळीसेक ग्रॅम मिळायचं, शेवटी तीन-चार ग्रॅम. खर्च वाढला हे खरं आहे. आम्ही अर्थशास्त्र नाकारत नाही. पण तोटा कसा मोजला ते सांगा ना. बरीच वर्षं इथलं सोनं देशातल्या बाजारभावाने विकलंच गेलं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दराने ते सरकारजमा व्हायचं, अन् झवेरी बाजारातला दर त्याच्या किती तरी वर. म्हणजे घरच्या गाईचं दूध धन्याने अर्ध्या भावात न्यायचं, अन् वर्षाच्या शेवटी गाय तोट्यात आहे म्हणून कसायाला बोलवायचं. १९९२ साली कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. २८ फेब्रुवारी २००१ ला शटर पडलं. त्या वेळी साडेतीन हजारांच्या आसपास कामगार उरले होते. त्याच कर्नाटकात रायचूरकडची हट्टीची सोन्याची खाण, राज्य सरकारची, आजही चालू आहे.

एक गंमत बघा. खाण बंद झाली त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं चार-साडेचार हजार रुपयांना होतं. २०२५ साली ते लाखाच्या पुढे गेलं. कोलारने सव्वाशे वर्षांत मिळून सुमारे आठशे टन सोनं दिलं. आज आपला देश एका वर्षात जवळजवळ तेवढंच सोनं परदेशातून आणतो. लग्नात, देवळात, लॉकरात घालायला. देवाच्या कळसावर ते चढतं तेव्हा कोणी विचारत नाही की याला कुणाचा विटाळ लागलाय. परैयराच्या हाताचं पाणी बाटतं, सोनं मात्र बाटत नाही.

अन् आमचं टाटा इन्स्टिट्यूट. मुंबईच्या कुलाब्यातल्या या संस्थेचे शास्त्रज्ञ याच खाणीत अडीच किलोमीटरच्या आसपास खोलीवर यंत्रं लावून बसले होते. जपानी आणि इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९६५ साली वातावरणातून येणारा न्यूट्रिनो पकडला. जगात पहिल्यांदा. मोठं काम, मान्य. कशालाही न अडणारा, पृथ्वीच्या आरपार जाणारा कण तिथं सापडला. पण शेजारच्या बोगद्यात खोकणारा माणूस त्याच पिंजऱ्यातून वर-खाली करत होता, तो विज्ञानाच्या इतिहासात सापडत नाही. आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. त्या यंत्राचं वजन कुणी उचलून खाली नेलं एवढंच विचारतोय.

आता मुख्य मुद्दा. खाण बंद झाली म्हणजे काय झालं?

अर्थतज्ज्ञ म्हणतात 'संक्रमण' झालं. एक धंदा गेला, दुसरे आले, अर्थव्यवस्थेने कूस बदलली. सेमिनारात तर 'न्याय्य संक्रमण' असा नवीन शब्द आलाय. चहा-बिस्किटांबरोबर देतात. कोलारचं संक्रमण आम्ही सांगतो. पहाटे अंधारात मारिकुप्पमहून लोकल सुटते. चॅम्पियन, ऊरगाव, कोरोमंडल अशी एकेक स्टेशनं घेत बंगारपेठवरून बंगळुरूला. शंभर किलोमीटर. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. रोज हजारो माणसं. खाणकामगाराचा पोरगा मॉलच्या दारात गार्ड, पोरगी ऑफिसच्या काचा पुसते, शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसते, कुणी सेंट्रिंग बांधतं, शिकलेलं एखादं कॉल सेंटरला. रात्री परत. पोटची पोरं बापाला रविवारीच उजेडात बघतात. बाप खाली जायचा तीन किलोमीटर, पोरगा आडवा जातो शंभर. बापाला कायम नोकरी होती, युनियन होती, कंपनीचा दवाखाना होता, पोराला ठेकेदार आहे. बंगळुरू कोलारची माणसं घेतं अन् बदल्यात २०१८ पासून काय देतं? सांडपाणी. शहरातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपातून कोलारच्या तळ्यांत सोडतात. विहिरींना पाणी आलं म्हणून काही शेतकरी खूशही आहेत, ते नाकारत नाही. पण देवाणघेवाणीचा नमुना बघा.

नवे उद्योग आले म्हणता? आले. त्याच कोलार जिल्ह्यात नरसापूरला विस्ट्रॉनचा आयफोन जुळवणारा कारखाना आला. डिसेंबर २०२० मध्ये पगार कापले, थकवले म्हणून पोरांनी त्या कारखान्याच्या काचा फोडल्या. बहुतेक सारी ठेक्यावरची. टीव्हीवाल्यांनी दिवसभर फुटलेल्या काचा दाखवल्या. पगाराच्या पावत्या दाखवल्या नाहीत. पुढे तो कारखाना टाटांकडे गेला.

पण ज्यांना लोकलही परवडली नाही त्यांचं काय? लाईनमधले जुने संडास तसेच होते. कंपनी गेली, पाणी गेलं, सफाईची व्यवस्था गेली. मग जातीला जुनी वाट सापडली. खाण बंद पडून दहा वर्षं झाल्यावर, २०११ साली, इथं हाताने मैला उपसला जातो हे उघड्यावर आलं, तेही खड्ड्यात उतरलेली माणसं मेली तेव्हा. सोन्याच्या खाणीतला माणूस मैल्याच्या खड्ड्यात! संक्रमणाचा हा अध्याय सेमिनारात वाचत नाहीत. अन् मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, मारिकुप्पमच्या बंद खाणीत सोनं शोधायला चोरून उतरलेली तीन माणसं खालच्या वायूने गुदमरून मेली. पेपरांनी छापलं: चोर. असेल चोरी. ज्या भोकातून आठशे टन गेलं त्या भोकाला एवढा पहारा कधी होता?

आता सायनाईड. दगड दळून पीठ करायचा, त्यात सायनाईडचं पाणी घालायचं, सोनं विरघळवून काढायचं, उरलेला राडा बाहेर टाकायचा. शंभर वर्षं टाकला. त्याचे डोंगर झालेत. तेरा डोंगर, सुमारे तीन कोटी तीस लाख टन. गाव त्यांना सायनाईडचे डोंगर म्हणतं. वारा सुटला की पांढरी पूड उडते, भांड्यात, पाण्यात, पोरांच्या डोळ्यांत. बापाच्या फुप्फुसात जी धूळ खाली गेली ती नातवाच्या फुप्फुसात वर जाते. सिनेमावाल्यांना मात्र हे डोंगर फार आवडले. शूटिंग झकास होतं.

आणि आता सरकारलाही आवडले आहेत! त्या राड्यात अजून थोडं थोडं सोनं आहे. सोन्याचा भाव चढला, तंत्र आलं, राडा पुन्हा चाळला तर परवडतं. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने केंद्राच्या प्रस्तावाला होकार दिला. तेरा डोंगर, हजार एकरांच्या वर जमीन. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जागतिक निविदेला वाट मोकळी करून दिली होतीच. कामगारांच्या संस्थेने 'आम्हीच चालवतो, आम्हाला द्या' म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले, ते बाजूला राहिलं. खालची खाण पाण्याने भरली आहे, ती काही पुन्हा सुरू झालेली नाही. वरचा राडा विकायचा. उरलेल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत काढायची. ठीक. पण मग हिशेब सुरुवातीपासून होऊ दे.

तो राडा कुणाचा? तो फोडलेल्या दगडाचा चुरा आहे, अन् दगड कुणी फोडला ते वर सांगितलंय. २०१५ साली खाणकायदा बदलला, तेव्हापासून प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज निधी असतो, खाणीने बाधलेल्या माणसांसाठी. कोलारची खाण त्याच्या चौदा वर्षं आधी बंद पडली. म्हणजे सगळ्यात जास्त बाधलेला माणूस कायद्याच्या अलीकडे. राडा पुन्हा उकरताना धूळ दुप्पट उडणार. मग प्रत्येक लाईनमध्ये छातीची तपासणी आधी, मशीन नंतर. सिलिकोसिसच्या म्हाताऱ्यांची यादी आधी, निविदा नंतर. ज्या घरात तीन पिढ्या राहिल्या त्या घराचा कागद बाईच्या नावाने आधी, औद्योगिक वसाहतीचा नकाशा नंतर. अन् नोकऱ्या ठेकेदारामार्फत चालणार नाहीत. एवढं साधं आहे. यात क्रांतीबिंती काही नाही, नुसती थकबाकी आहे.

हे मागणार कोण? इथं आमच्या पुढाऱ्यांना दोन शब्द. कोलारमध्ये रिपब्लिकन पक्षाला मतं पडतात, आमदार निवडून आलेत, २००४ सालीही आला. महाराष्ट्राबाहेर निळा झेंडा विधानसभेत नेणारी गावं बोटावर मोजण्याएवढी, त्यातलं हे एक. मुंबईत बसून पक्षाचे आठ तुकडे करणाऱ्या किती पुढाऱ्यांना कोलारचं नाव माहीत आहे? किती जण पहाटेच्या त्या लोकलला बसलेत? तिथला माणूस कर्नाटकाला तमिळ वाटतो, तमिळनाडूला कर्नाटकाचा वाटतो. दोन्ही सरकारांनी त्याला सीमेवर उभा करून ठेवलाय. त्याची भाषा आपल्याला येत नाही म्हणून तो आपला नाही काय? जयभीम म्हणायला कोणती भाषा लागते?

अन् हे लांबचं प्रकरण आहे असं समजू नका. आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेडच्या पट्ट्यात कोळसा आहे. भूमिगत खाणी मिटत चालल्या, उघड्या खाणी आल्या, कायम कामगार निवृत्त होतोय अन् त्याच्या जागी ठेक्याचा पोरगा येतोय. कोळशाचे दिवस मोजले जाताहेत, असं सरकारच सांगतं. तिकडे गोव्यात लोहखनिज २०१२ साली थांबलं, पुन्हा चालू झालं, २०१८ साली पुन्हा थांबलं. ट्रकमालकांची आंदोलनं झाली, त्यांना बातम्या मिळाल्या. ट्रकवरचा क्लीनर, खाणीतला रोजंदारीवाला कुठं गेला ते कुणी लिहिलं? कोलारला 'उद्या बंद' हे कळलं तेव्हा कागद हातात नव्हते. कोणाला किती धूळ लागली याची नोंद कंपनीच्या दवाखान्यात, अन् दवाखाना कंपनीबरोबर बंद.

म्हणून विदर्भातल्या दोस्तांना हे काम देतोय. आपापल्या खाणीवर जा. कायम कामगार किती, ठेक्याचे किती, ठेकेदार कोण, छातीची शेवटची तपासणी कधी झाली, तिचा कागद कामगाराच्या हातात आहे की साहेबाच्या कपाटात, घर कुणाच्या नावावर, जिल्ह्याच्या खनिज निधीतला पैसा कुठल्या कमानीवर अन् कुठल्या रस्त्यावर खर्च झाला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. हाताने लिहा, मोबाईलवर फोटो काढा, पाठवून द्या. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. जातीचा रकाना मात्र रिकामा सोडू नका. जेवढं येईल तेवढं पुढच्या अंकात छापू. कोलारच्या मित्रांकडून तमिळमधून मजकूर मागवलाय, भाषांतर करणारा कोणी असेल तर त्याने रविवारी सकाळी ऑफिसात यावं. चहा आमच्याकडून.